सेप्टिक टाकी आणि घरची विहीर

समुद्रकाठच्या आमच्या गावी घर आणि विहीर यांत फारसे अंतर नसते. डोंगर व समुद्र यांमधील चिंचोळ्या पट्टीत घर, गोठा, माडपोफळींची वाडी आणि विहीर ही सर्व बसवावी लागतात. महसूल खात्याच्या चाकरीत आम्ही सातबाऱ्यावर विहिरींच्या पुष्कळ नोंदी केल्या. परंतु विहिरीचे पाणी कशाने बिघडते, हे सेवानिवृत्तीनंतर आमच्याच विहिरीने आम्हांस शिकविले. ती हकीकत बागाईतदार बंधूंस उपयोगी पडेल, म्हणून येथे देत आहोत.

आम्ही घरामागे पक्की सेप्टिक टाकी बांधिली व तिचे पाणी जांभ्यात खणलेल्या शोषखड्ड्यात सोडिले. विहीर तेथून अवघी बारा पावले. खड्डा कधी तुंबत नाही, याचे आम्हांस मोठे समाधान वाटे. पुढे श्रावणात घरातील दोन मुले हगवणीने आजारी पडली. ग्रामपंचायतीतून जंतुपरीक्षेची बाटली आणून तीत विहिरीचे पाणी भरून ठेविले. दुसऱ्या दिवशी ते काळे पडले. खड्डा का तुंबत नव्हता, याचा उलगडा तेव्हा झाला.

सेप्टिक टाकीत मैल्याचा जड भाग तळाशी बसून कुजतो. पण वरून वाहणारे पाणी दिसावयास निवळ असले तरी रोगजंतूंनी भरलेलेच असते. त्याची खरी शुद्धी मातीच्या बारीक कणांतून सावकाश झिरपताना होते. जांभ्याच्या अंगी मात्र नळ्यांसारखी भोके असतात. त्यांतून पाणी गाळले न जाता धावते. शिवाय पावसाळ्यात भूजल इतके वर येते की शोषखड्डा त्यातच बुडतो. भारतीय मानक २४७० यात शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून निदान १८ मीटर दूर असावा असे सांगितले असून, भेगाळ खडकात अशी जिरवणी करूच नये असेही बजाविले आहे. हे आम्ही बांधकामाआधी वाचावयास हवे होते. दोष गवंड्याचा नव्हे, आमचाच.

मग आम्ही शोषखड्डा बंद केला. टाकीचे पाणी विहिरीच्या उलट बाजूस, उताराकडे नेले. तेथे पक्क्या तळाचा, मांडीभर खोल हौद बांधून तो खडी व भरड वाळूने भरला आणि वर कर्दळ लाविली. पाणी एका टोकाने शिरून खडीच्या पोटातून हळूहळू दुसऱ्या टोकास जाते. वर साचत नाही, म्हणून डासही होत नाहीत. तेथून ते माडांच्या आळ्यांत मातीच्या थराखाली सोडिले आहे. न्हाणीघराचे व मोरीचे पाणी निराळे काढून केळी व अळू यांस दिले. विहीर उपसून ब्लीचिंग पावडर टाकिली आणि पिण्याचे पाणी उकळून घेऊ लागलो. पुढील श्रावणात बाटलीतील पाणी काळे पडले नाही.

दोन गोष्टी मात्र ध्यानी ठेवाव्या. अशा हौदाने जंतू पुष्कळ घटतात, निःशेष होत नाहीत. म्हणून हे पाणी कच्च्या खाण्याच्या भाजीपाल्यास देऊ नये. तसेच टाकीतील गाळ दोन-तीन वर्षांनी पंपाच्या गाडीने उपसवावा. आत माणूस कदापि उतरवू नये. तेथील विषारी वायूने प्राण जातात, आणि २०१३ च्या कायद्याने ते निषिद्धही आहे.

आमच्या शेजाऱ्यांची विहीर आमच्या वाडीच्या खालच्या अंगास आहे. त्यांनी आम्हांस कधी बोल लाविला नाही, कारण त्यांस हे ठाऊकच नव्हते. आम्ही स्वतः जाऊन सर्व सांगितले व त्यांच्याही विहिरीची परीक्षा करविली. जमिनीच्या हद्दी आम्ही आयुष्यभर कागदावर राखिल्या. भूजल त्या मानीत नाही. तरी ज्यांची टाकी जांभ्यावर आहे, त्यांनी येत्या पावसाळ्यात आपल्या विहिरीचे पाणी एकदा अवश्य तपासून घ्यावे, अशी आमची विनंती आहे.