डोळ्याच्या पडद्यावर मेंदूची चाहूल

थेंब टाकून बाहुली मोठी केली की डोळ्यांच्या डॉक्टरांना पडद्यावरच्या केसासारख्या रक्तवाहिन्या उघड्या दिसतात. चिरफाड न करता रक्तवाहिन्या अशा थेट पाहता येण्याची शरीरातली ही जवळपास एकमेव जागा. हा पडदा गर्भात मेंदूच्याच भागातून घडतो आणि दोन्हीकडच्या बारीक वाहिन्यांची रचनाही मिळतीजुळती असते. त्यामुळे मधुमेहाने किंवा रक्तदाबाने इथल्या वाहिन्या खराब झाल्या, तर मेंदूतल्याही बहुधा सुटत नाहीत. अमेरिकेतल्या सुमारे २० वर्षांच्या पाहणीत, पडद्यावर असा ठळक बिघाड असलेल्यांची स्मरणशक्ती आणि विचारशक्ती जास्त वेगाने घसरलेली आढळली. पण पडद्यावर रक्ताचा ठिपका दिसला म्हणून आजीला स्मृतिभ्रंश होणारच, असं मुळीच नाही. तिची साखर आणि रक्तदाब मात्र लगेच तपासून घ्यावेत.