गुणांक आणि गुण

दिवाळीच्या सुटींत आमच्या मूर्तिजापूरच्या घरीं मुलांची गर्दी जमली म्हणजे ओसरीवर दोन पक्ष पडतात, हा अनुभव नवा नाहीं. पूर्वीं ते गंजिफा आणि सोंगट्यांवरून पडत, पुढें पत्त्यांवरून पडूं लागले. यंदां ते पडद्यावरच्या एका खेळावरून पडले. धाकटा नातू म्हणे, योद्धा श्रेष्ठ. थोरली नात म्हणे, जखमा बऱ्या करणारा श्वेत मांत्रिक श्रेष्ठ. तंटा विकोपास गेला तेव्हां दोघेंही वहीचें एक पान घेऊन आमच्यापुढें उभीं राहिलीं. "आजोबा, तुम्हीं आयुष्यभर पोरांना मार्क दिले. आतां या सहा जणांना नंबर लावून द्या!"

पान पाहतांच आमचें कुतूहल जागें झालें. कारण तें हुबेहूब प्रगतिपुस्तकासारखें होतें. सहा नांवें, पांच रकाने आणि प्रत्येक रकान्यांत आंकडे. वाचकांस या खेळाची ओळख नसल्यास थोडक्यांत सांगतों. 'फायनल फॅन्टसी' नांवाचा हा खेळ जपानांतील स्क्वेअर या कंपनीनें १९८७ सालच्या डिसेंबरांत काढला. त्याची रचना हिरोनोबू साकागुची यांच्या देखरेखीखालीं झाली. खेळणाऱ्यानें आरंभींच सहा प्रकारच्या वीरांतून चार निवडावयाचे आणि त्यांना घेऊन सारें जग पालथें घालावयाचें. एकदां केलेली निवड बदलतां येत नाहीं. सगळी गंमत आणि सगळी जबाबदारी येथेंच आहे.

नातवंडांस वाटतें, मनुष्याचे गुण आंकड्यांत मांडण्याची ही कल्पना परदेशची. परंतु अमरकोश पाठ केलेल्यांना यांत नवल वाटूं नये. एक हत्ती, एक रथ, तीन घोडे व पांच पायदळ मिळून एक 'पत्ति' होते, आणि हेंच प्रमाण वाढत वाढत अक्षौहिणीपर्यंत जातें: हत्ती २१,८७०, रथ तितकेच, घोडे ६५,६१० आणि पायदळ १,०९,३५०. ज्यानें हे आंकडे ठरविले त्यानें चार अंगांचें बळ तोलून पाहिलें होतें, हें उघड आहे. पुढें सुमारें १०३० सालीं अल्बेरूनीनें आपल्या देशाविषयीं ग्रंथ लिहिला. त्यांत फांशांनीं खेळावयाच्या चौघांच्या बुद्धिबळाचें वर्णन आहे. तेथें राजाची किंमत पांच, हत्तीची चार, घोड्याची तीन, रुखाची दोन आणि प्याद्याची एक अशी सांगितली आहे. हत्ती एक घर पुढें व चार कोनांकडे एकेक घर चाले. हीं पांच घरें म्हणजे त्याची सोंड आणि चार पाय, असा खुलासाही त्यानेंच नोंदविला आहे. मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यांतील नीलकंठ भट्टांनीं काशीस राहून सतराव्या शतकांत 'नीतिमयूख' लिहिला, त्यांतही या खेळास जागा मिळाली. हाच खेळ इराण व अरबस्तानांतून युरोपांत गेला. तेथें प्रशियाच्या लष्करानें त्याच्याच धर्तीवर नकाशावरील युद्धाचे खेळ बसविले. असल्या युद्धखेळांच्या नादांतून १९७४ सालीं अमेरिकेंत गायगॅक्स व आर्नेसन या दोघांनीं 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ रचला, आणि त्याचा वारसा जपानी पडद्यावर उतरला. एवंच, नातवाच्या हातांतील योद्धा आमच्याच चतुरंगाचा दूरचा नातलग आहे.

आतां वहीकडे वळूं. मूळ आवृत्तींतील रकाने बल, चापल्य, बुद्धि, काटकपणा आणि दैव असे आहेत. योद्ध्याचे आरंभींचे आंकडे २०, ५, १, १०, ५. चोराचे ५, १०, ५, ५, १५. निःशस्त्र लढणाऱ्या मल्लाचे ५, ५, ५, २०, ५. तांबड्या मांत्रिकाचे १०, १०, १०, ५, ५. श्वेत मांत्रिकाचे ५, ५, १५, १०, ५. कृष्ण मांत्रिकाचे १, १०, २०, १, १०. मुलें एकेका रकान्यावरून भांडत होतीं. आम्हीं मास्तरी संवयीनें प्रथम बेरीज केली. योद्ध्याची ४१ भरली, कृष्ण मांत्रिकाची ४२ आणि उरलेल्या चौघांची बरोबर ४०! म्हणजे खेळ रचणाऱ्यानें कोणालाही उपाशी ठेवलें नाहीं व कोणाचेंही ताट ओसंडूं दिलें नाहीं. वाढणाऱ्याचा हात एकच, फक्त वाढप निराळें. बेरीज ऐकून नातवाचा चेहरा उतरला, हें सांगावयास नकोच.

बेरीज समान असली तरी स्वभाव मात्र एकाचा दुसऱ्यास नाहीं. योद्धा पहिल्या दिवसापासून उपयोगी. जड चिलखत तोच पेलतो. पण त्याच्या शस्त्रांना आणि चिलखतांना द्रव्य फार लागतें. मल्लाचें उलट: अनुभव वाढला कीं त्याच्या रिकाम्या हाताचाच आघात मोठा होतो आणि शस्त्राचें ओझें वाटूं लागतें, ज्याच्याजवळ कांहीं नाहीं त्याच्या दारिद्र्याचेंच येथें भांडवल होतें. कृष्ण मांत्रिक एका मंत्रानें शत्रूंची रांग जाळतो, परंतु त्याच्या अंगीं प्राणशक्ति अवघी २५, योद्ध्याची ३५; शिवाय मंत्र मोजकेच, विश्रांतीवांचून पुन्हां मिळत नाहींत. तांबडा मांत्रिक थोडी तलवार व दोन्हीकडचे थोडे मंत्र जाणतो. आरंभीं सर्वांना तोच हवा असतो, पण दोन्ही विद्यांचीं शेवटचीं दारें त्याला बंदच राहतात. चोर बिचारा आरंभीं कोणासच नकोसा. प्रवासाच्या मध्यावर सर्वांस बढती मिळते तेव्हां मात्र तो उत्तम शस्त्रें धरूं लागतो आणि कांहीं मंत्रही शिकतो. श्वेत मांत्रिकाच्या हातून शत्रु फारसे मरत नाहींत. केवळ इतर तिघे मरत नाहींत.

आणखी एक बारकावा नातीनें दाखविला. चौघांची रांग असते. त्यांत पहिल्या जागीं जो उभा असेल त्याच्यावर शत्रूचे सुमारें निम्मे वार पडतात, दुसऱ्यावर चौथा हिस्सा, शेवटच्या दोघांवर प्रत्येकीं आठवा. तेव्हां कोण किती बलवान, या प्रश्नाइतकाच कोणास कोठें उभें केलें, हा प्रश्न महत्त्वाचा. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस याचें भाष्य नको. घरांत कोण पुढें उभा राहून वार झेलतो आणि कोण मागच्या खोलींत राहून सर्वांना जेवावयास घालतो, हें आपण लहानपणापासून पाहत आलों आहों.

परंतु आमच्या मनास खरा चटका लावला तो निराळ्याच गोष्टीनें. नातवानें सहज सांगितलें कीं, या खेळाच्या पहिल्या आवृत्तींत एक चूक राहून गेली होती. 'बुद्धि' हा रकाना पडद्यावर दिसे, त्यांतील आंकडा वाढतही असे. पण मंत्राचा परिणाम काढतांना यंत्र त्या आंकड्याकडे पाहतच नसे. बुद्धि १० असलेला तांबडा मांत्रिक आणि २० असलेला कृष्ण मांत्रिक यांनीं एकच मंत्र टाकला तर त्याचें बळ सारखेंच! खेळणारीं पोरें मात्र तो आंकडा पाहून हरखत आणि खट्टू होत राहिलीं. नंतरच्या आवृत्त्यांत ही चूक दुरुस्त झाली.

ऐकून सर्व मुलें हंसलीं. आम्हांस हंसूं आलें नाहीं. किती वर्षें आम्ही असे रकाने भरीत आलों! एका मुलास गणितांत सात गुण मिळाले म्हणून भर वर्गांत आम्हीं त्याला "तुझ्या हातून कांहीं व्हावयाचें नाहीं" असें म्हटलें होतें. आज आसपासच्या खेड्यांतील विहिरींवरचे पंप बिघडले कीं लोक त्यालाच बोलावतात. भेटला कीं तो वाकून नमस्कार करतो, आणि त्याच वेळीं आमची मान खालीं जाते. दूर कशाला, आमच्याच तालुक्यांतील दापुऱ्यास मामांच्या घरीं गुरें राखीत वाढलेले गाडगेबाबा घ्या. शाळेच्या कोणत्याही रकान्यांत त्यांचा आंकडा शून्य भरला असता. पण हातांत खराटा आणि डोक्यावर गाडगें एवढ्या सामग्रीवर त्यांनीं १९५६ सालीं देह ठेवीपर्यंत गांवेंच्या गांवें झाडलीं, धर्मशाळा उभ्या केल्या. रिकाम्या हाताचा मल्ल म्हणावा तर असा.

येथें कोणी म्हणेल, मग गुणपत्रिका फाडून टाकावी काय? तसें आमचें म्हणणें नाहीं. अल्बेरूनीनें वर्णिलेल्या खेळांतही किंमती होत्या. किंमतीवांचून डाव मांडतां येत नाहीं. परंतु आंकडा वाचण्यापूर्वीं दोन प्रश्न विचारावे: हा रकाना पुढील कामांत खरोखर कोणी पाहणार आहे काय? आणि ज्या गुणासाठीं रकानाच आंखलेला नाहीं, तो या मुलांत आहे काय?

हें लिहिण्यास कारणही घरचेंच आहे. नात यंदां दहावीस आहे. तिला चांगले गुण मिळतील, आणि ते मिळतील म्हणूनच तिनें विज्ञानशाखेस जावें असें आमच्या थोरल्या बंधूंचें मत जवळजवळ ठरलें होतें. तिला विचारलें तर ती म्हणते, मला शुश्रूषेचें शिक्षण घ्यावयाचें आहे, मी नर्स होणार. घरांत हें कोणासच रुचलें नव्हतें. खरें सांगावयाचें तर आम्हांसही नाहीं. त्या सायंकाळीं तिच्या वहीचें तें पान आम्हीं दादांपुढें ठेविलें आणि बेरजा करून दाखविल्या. दादांनीं चष्मा लावून पान दोनदां वाचलें. मग तिला जवळ बोलावून विचारलें, "तूं यांतला कोणता घेतेस गं?"

तिनें श्वेत मांत्रिकावर बोट ठेविलें. "याच्यावांचून बाकीचे तिघे शेवटपर्यंत पोंचत नाहींत, मोठे आजोबा," ती म्हणाली.

दादा कांहीं बोलले नाहींत. पण दुसऱ्या दिवशीं सकाळीं अकोल्यास जाणाऱ्या पुतण्यास ते हळूच सांगत होते, "येतांना त्या नर्सिंगच्या शिक्षणाची चौकशी करून ये. विज्ञान लागत असेल तर तेंही नीट विचार." नंबर लावून देण्याचें काम मात्र आम्हीं अजून केलेलें नाहीं, नातू रोज आठवण करून देतो.