तीरकामठा

सातपुड्यातील भिल्ल, पावरा इ. आदिवासींचे पारंपरिक धनुष्यबाण. तीर म्हणजे बाण व कामठा म्हणजे धनुष्य. नंदुरबार जिल्ह्याच्या (स्थापना १९९८) अक्राणी व अक्कलकुवा या डोंगराळ तालुक्यांत ही विद्या परंपरेने घरातच दिली जाते. वडील किंवा आजोबा हेच मुलाचे गुरू होत.

कामठा बांबूचा असून त्याची प्रत्यंचाही बांबूच्याच सालीच्या चिवट पट्टीची करतात. तीर सुमारे ९० सेंमी. लांब असतो. त्याचे लोखंडी फाळ सुरीसारखे चपटे किंवा खिळ्यासारखे गोल असतात. पक्ष्यांसाठी मात्र गाठीसारख्या बोथट टोकाचे तीर वापरीत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये शिकारीवर बंदी आली आणि या विद्येचा मूळ हेतूच संपुष्टात आला. निशाण साधण्याचे कौशल्य तेवढे उरले. ते टिकणे पुष्कळसे घरातील शिकवणुकीवरच अवलंबून आहे.

नवशिक्या मुलाचा कामठा त्याच्या उंचीस व बळास साजेसा, नरम असावा लागतो. कामठा जड असल्यास हात थरथरतो आणि तीर भलतीकडे जातो. अपघाताचे हे एक प्रमुख कारण होय. आरंभी तीरही बोथटच द्यावा. निशाणामागे मातीचा बांध किंवा गवताची जाड गंजी असावी. उघड्या माळावर चुकलेला तीर कोठे थांबेल, याचा भरवसा नसतो. आकाशाकडे तीर सोडणे तर सर्वथा वर्ज्य होय. तीर न लावता ताणलेली प्रत्यंचा सोडू नये, कारण तिराला मिळावयाची ऊर्जा कामठ्यातच जिरून तो मोडू शकतो. तीर वेचण्यास सर्वांनी मिळून जावे. तोवर कोणीही कामठा ताणू नये. वडील माणसाने मुलाच्या शेजारी, किंचित मागे उभे राहिल्यास त्याचा हात वेळीच आवरता येतो. वाकलेला तीर धगीवर शेकून सरळ करणे, पिसे बांधणे ही कामे दोघांनी एकत्र बसून केली, म्हणजे शस्त्राची निगा व त्याचा धाक मुलाच्या अंगी आपोआप मुरतो.

भिल्ल तिरंदाज प्रत्यंचा ओढताना अंगठा वापरीत नाहीत, असे सांगतात व त्याचा संबंध महाभारतातील एकलव्याच्या कथेशी जोडतात. परंतु आधुनिक क्रीडा-तिरंदाजीतही सामान्यतः तर्जनी, मध्यमा व अनामिका यांनीच प्रत्यंचा ओढतात. तेव्हा हा संबंध श्रद्धेचा मानावा लागेल.

भारतीय फेरी या स्पर्धाप्रकारात बांबूचे वा लाकडी धनुष्य चालते व निशाण ३० आणि ५० मी. अंतरांवर असते. त्यामुळे घरी शिकलेल्या मुलास स्पर्धेची वाट फारशी परकी वाटत नाही. राजस्थानातील आदिवासी तिरंदाज लिंबाराम याने बालपणी बांबूचेच धनुष्य हाताळले होते. १९९२ मध्ये बीजिंग येथील आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत त्याने ३० मी. अंतरावर ३६० पैकी ३५८ गुण मिळवून तत्कालीन विश्वविक्रमाशी बरोबरी केली.