आमरीच्या नावाची रुजुवात

पवनानगरहून तुंगच्या बाजूस जाताना धरणाच्या जलाशयाला वळसा घालणाऱ्या वाटेवर जी जुनी आंब्याजांभळाची झाडे लागतात, त्यांच्या खोडांवर रुजलेल्या आमरींची वही मी १९९८ च्या माघात घातली. आणि आज ती चाळताना पहिल्या पाच वर्षांच्या पानांवर ‘संकर’ हा शब्द जितक्या सढळ हाताने लिहिलेला आढळतो, तितका पुढच्या वीस वर्षांत एकदाही आढळत नाही.

ग्रंथांची वानवा होती असे नव्हे. डॅल्झेल व गिब्सन यांची मुंबई इलाख्याची वनस्पतिसूची १८६१ ची; पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांचा इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात भागाभागाने निघाला; आमच्या शेजारच्याच खंडाळ्यावरचा फादर सांतापाव यांचा ग्रंथ १९५३ चा, आणि त्यांनी कापडिया यांच्यासह केवळ आमरींवर लिहिलेला १९६६ चा. उणीव होती ती एकाच फुलाकडे पुनःपुन्हा जाण्याच्या सबुरीची.

पाने गळाल्यावर उघड्या कांड्यांवर पांढरे घोस धरणारी डेंड्रोबियम बार्बाट्युलम आणि तिच्याशी भ्रम व्हावा इतकी सदृश डेंड्रोबियम ओव्हाटम, या दोघींनी मला फार चकविले. पहिलीच्या नावातच बारीक दाढीचा निर्देश आहे. दुसरीला लिंडले यांनी क्लोरॉप्स, म्हणजे हिरव्या डोळ्याची, असे नाव दिले होते. एका जांभळावरचा झुबका मला ना शुभ्र, ना दुधाळ पिवळा असा दिसला आणि मी तो बेधडक दोघींची संतती म्हणून वहीत दाखल केला. पुढे त्याच फांदीला सुतळी बांधून तीन हंगाम दर चौथ्या दिवशी जात राहिलो, तेव्हा कळले की फूल उमलते ते पांढरेच आणि शिळे होताना पिवळसर पडते. भिंगाखाली ओष्ठावरची लव तेवढी दिसली, हिरवा डोळा एकाही फुलात दिसला नाही. ती नोंद मी खोडली नाही, समासात दुरुस्ती लिहिली.

संकर सिद्ध करणे म्हणजे काय, याचा मला भावलेला दाखला फिलिपिन्सचा आहे. फॅलेनोप्सिस इंटरमीडिया या आमरीचे वर्णन लिंडले यांनी १८५३ मध्ये केले, तेव्हाच ती दोन जातींची संतती असावी हा संशय त्यांनी नोंदविला होता. परंतु त्याची रुजुवात झाली ती १८८६ मध्ये, इंग्लंडमधील व्हीच यांच्या रोपवाटिकेत त्याच दोन जातींचा संयोग हाताने घडवून आणलेले रोप तशाच फुलांनी बहरले तेव्हा. तेहतीस वर्षे एक अनुमान पुराव्याची वाट पाहत राहिले.

डोंगरावर असा प्रयोग आपल्या हाती नसतो. तेव्हा दोन्ही जाती एका परिसरात आहेत काय, त्यांचा बहर एका काळी येतो काय, आणि परागपुंज वाहून नेणारा कीटक दोहोंना सामाईक आहे काय, हे तपासूनच बोलावे लागते. पहिल्या पावसासरशी एखादे पान भुईला चिकटवून फुलणारी हबेनारिया ग्रँडिफ्लोरिफॉर्मिस आणि भाद्रपदाच्या सुमारास लांब शुंडेची फुले उभारणारी लाँगिकॉर्निक्युलाटा एकाच कातळावर राहत असल्या, तरी एकीची फुले सुकल्यावर दुसरीची उमलतात. मग आकाराच्या साम्यावरून काढलेले माझे जुने अनुमान टिकावे कसे?

गेल्या श्रावणात लोहगडाखालच्या गवतात दोन जातींच्या हबेनारिया हातभर अंतरावर एकाच दिवशी फुललेल्या पाहिल्या, आणि मध्ये एक तिसरी, शुंडेच्या लांबीने दोहोंच्या दरम्यान बसणारी. मी फूल तोडले नाही. शुंडा मोजली, तारीख घातली, शेजारच्या दगडावर चुन्याची खूण केली आणि वहीत पेन्सिलीने लिहिले : पुढल्या श्रावणात पुन्हा पाहणे.