ताटल्या मधोमध, आईही पंगतीत

ग्रीस देशात घरगुती खानावळीला ताव्हेर्ना म्हणतात. सुट्टीत लेकरांना घेऊन तिथं गेलं, की चार-पाच पदार्थ मागवून मधोमध ठेवतात आणि सगळे त्यातूनच घेतात. दही, काकडी, लसणाची त्झात्झिकी म्हणजे आपल्या कोशिंबिरीची बहीणच! पिवळ्या डाळीचा घट्ट फावा, द्राक्षाच्या पानात गुंडाळलेला भात, सळईवर भाजलेलं मांस. मूल आधी थोडं चाखतं, आवडलं तर पुन्हा घेतं. त्यामुळे अन्न वाया जात नाही. तिथं रात्रीची जेवणं ९ नंतर रंगतात, म्हणून लहानग्यांना संध्याकाळी काहीतरी खाऊ घालावं. मुख्य म्हणजे आई सगळ्यांबरोबर गरम जेवते. घरीही असं मधोमध वाढून बघा. उरलंसुरलं आईनंच का खावं?