लग्नाच्या हवेलीचा राहिलेला हिशेब

मंडप, केटरिंग, फुले, रोषणाई या धंद्यांत आपले अनेक बांधव आहेत. त्यांनी वाचावी अशी अमेरिकेतील एका हवेलीची हकीकत आम्ही या वेळी देत आहोत.

लुइझियाना राज्यात मिसिसिपी नदीकाठी, व्हाइट कॅसल गावाजवळ, नॉटोवे नावाची हवेली होती. उसाचे मळेवाले जॉन हॅम्पडेन रँडॉल्फ यांनी ती १८५९ मध्ये पूर्ण केली. खोल्या ६४, क्षेत्रफळ सुमारे ५३ हजार चौरस फूट. आतले मोठे दालन सगळे पांढरे, जमीनसुद्धा पांढरी. मालकाच्या मुलींची लग्ने तिथेच लागली. पुढच्या काळातील मालकांनी हेच भांडवल केले. दालन लग्नाला, खोल्या वऱ्हाडाला, हिरवळ फोटोंना. नुसत्या हॉलच्या भाड्यापेक्षा हा धंदा वेगळा. मुक्काम, जेवण, सजावट सारे एकाच गिऱ्हाइकाकडून मिळते आणि ते गिऱ्हाईक पैसे मोजते वास्तूच्या वयाचे.

पण त्या वास्तूच्या विटा भाजल्या गुलामांनी. १८६० मध्ये रँडॉल्फ यांच्या मालकीची १५५ माणसे होती. ज्या उसाच्या पैशावर घर उभे राहिले, तो ऊसही त्यांनीच पिकवला. मजुरी शून्य. कारागिरांच्या वस्तीत राहणाऱ्या आमच्या वाचकांना याचा अर्थ समजावून सांगायला नको.

हा हिशेब बाजारात उघडा पडला २०१९ च्या डिसेंबरात. ‘कलर ऑफ चेंज’ या संघटनेच्या मागणीनंतर पिंटरेस्टने अशा मळ्यांवरील लग्नांच्या प्रसिद्धीला आवर घातला. लग्नांच्या जाहिराती घेणाऱ्या ‘द नॉट’ने व्यावसायिकांना बजावले : जाहिरात जरूर द्या, पण गुलामगिरीच्या इतिहासाला ‘मोहक’, ‘दिमाखदार’ म्हणू नका. एका विशेषणाने माल खपतो, तसाच अडतोही!

१५ मे २०२५ रोजी नॉटोवेची मुख्य इमारत आगीत गेली. सुदैवाने कोणी जखमी झाले नाही. कोणी हळहळले, कोणी उघड आनंद केला. ज्यांनी तिथे लग्न केले आणि ज्यांच्या पूर्वजांनी अशा मळ्यांवर राबून काढले, त्यांच्या आठवणी एक कशा असणार?

त्याच नदीकाठी व्हिटनी नावाचा मळा आहे. तो २०१४ मध्ये संग्रहालय म्हणून खुला झाला. तिथे लग्ने लावत नाहीत. लोक तिकीट काढून गुलामांची हकीकत ऐकायला येतात. तिथल्या एका भिंतीवर त्या मळ्यावरच्या गुलामांची नावे कोरली आहेत आणि अनेक नावांपुढे त्या माणसाच्या हातचे कसबही लिहिले आहे.