बांधावरची धामण

उन्हाळा सरत आला, वळवाचा एखादा सडाका पडून गेला, की रानात कधी कधी असं काही नजरेला पडतं की औत घेऊन निघालेला गडीसुद्धा जू खाली ठेवून जागच्या जागी थबकतो. बांधाच्या कडेला दोन धामणी एकमेकींना पीळ घालून अर्ध्याअधिक उभ्या राहिलेल्या असतात, डुलतात, धाडकन खाली पडतात, परत उठतात, आणि भोवती माणसं गोळा झाली तरी त्यांना त्याची शुद्ध नसते. जोडी लागली, असं म्हणत कुणीतरी लगेच घराकडं पळतं नवं कापड आणायला; त्या जोडीवर टाकलेलं कापड घडी घालून पेटीत ठेवलं की घरात दाण्याला तोटा येत नाही, अशी जुन्या माणसांची समजूत, आणि ठेवणीतली खणाची चोळी त्यापायी मातीत घालणाऱ्या म्हाताऱ्या मी पाहिल्यात. पण खरी नवलाई पुढंच आहे. त्या दोघांत मादी नसतेच. दोन्ही नर असतात आणि चाललेली असते ती कुस्ती, आपल्या जत्रेतल्या फडासारखी. सहसा चावाचावी नाही, नुसतं अंगाचं बळ, ज्यानं दुसऱ्याचं डोकं भुईला टेकवलं तो जिंकला आणि हरलेला मुकाट चालता झाला.

असा फड दिसला तर पोरांनो, दहा-पंधरा पावलांवर उभं राहावं आणि डोळे भरून बघावं. कापड टाकू नये, खडा मारू नये, आणि फोटोच्या नादात पुढं तर मुळीच सरकू नये. आपल्या देशात १९७२ सालापासून वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आणि त्यात शिकारीचा गुन्हा म्हणजे नुसतं ठार मारणं नव्हे: पकडणं, सापळा लावणं, हुसकून पिटाळणं, हे सगळं त्यात येतं, आणि सापासारख्या प्राण्याची अंडी फोडणंच काय, ती नुसती विस्कटणंसुद्धा त्यातच धरलंय. कायदा करणाऱ्यांनी अंड्यांपर्यंत विचार केला याचं मला फार बरं वाटतं, कारण वारूळ खणताना किंवा उंदराचं बीळ उकरताना पांढरी, मऊ सालीची अंडी लागली आणि ती नागाची असली, तर मादी तिथंच आसपास राखण करत असते. दोनेक महिन्यांनी त्यातून पिल्लू बाहेर येतं, पेन्सिलीएवढं, आणि कुणी शिकवायच्या आतच फणा काढतं. विषही त्याच्याजवळ पहिल्या दिवसापासून असतं. तेव्हा माती होती तशी ढकलावी आणि तेवढी जागा सोडून खणावं.

माळावरचा दगड उलटून बघायची हौस सगळ्या पोरांना असते, मलाही होती, आणि ती वाईट आहे असं मी म्हणणार नाही. मात्र दगड उचलायचा तो पलीकडची कड हातानं धरून नव्हे. आपल्याकडची कडही बोटांनी नव्हे तर काठीनं उचकटायची, असं काही जणं सांगतात, पण बरी रीत अशी की आकड्याच्या काठीनं पलीकडची कड आपल्याकडं ओढायची, म्हणजे खालचं जनावर दगडाच्या आडोशानं पलीकडं निघून जातं आणि आपले पाय वाचतात. पावसाळी ओलीत कधी खाली वाळा सापडतो. वीतभर, काळसर, गांडूळच वाटेल असा. पण नीट निरखलं तर अंगावर चकचकीत खवले दिसतात आणि डोळ्यांच्या जागी दोन बारीक काळे ठिपके. मुंग्यांची आणि वाळवीची अंडी खाऊन तो जगतो, आणि या वाळ्यांत नर नावाचा प्रकारच नाही. सगळ्या माद्याच, नराशिवाय अंडी घालतात, आणि कुंड्यांतल्या मातीबरोबर बसून जगभर पोचल्यात. बघून झालं की दगड होता तसाच परत ठेवायचा, त्याच कडेवर, त्याच खळग्यात. खालची ओल उघडी पडून वाळली तर त्या दगडाखालचं सगळं बिऱ्हाड उठतं.

मांडुळाचं तर ऐकूनच पोटात तुटतं. बिचाऱ्याची शेपटी बोथट, म्हणून लोक त्याला दुतोंड्या म्हणतात, आणि गुप्तधन दाखवतं म्हणून लाखाला विकलं जातं अशा थापा कुणीतरी पसरवतं. घेणारा, विकणारा आणि पोत्यात घालून नेणारा, सगळेच तुरुंगाची वाट धरतात. म्हणून रानात असं काही दिसलं तर फोटो खुशाल दाखवा, पण कुठल्या ओढ्याकाठी, कुठल्या झाडाखाली ते चारचौघांत सांगू नका.

आता भीतीचं. भीती खोटी नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसं ही चार नावं प्रत्येक शेतकऱ्याला पाठ असतात आणि असायलाच हवीत. सापाला बाहेर कान नसतात, जमिनीतली थरथर त्याला कळते, म्हणून अंधारात काठी आपटत, पाय वाजवत आणि बॅटरी लावून चालावं. गोवऱ्यांच्या नाहीतर कडब्याच्या ढिगात डोळे झाकून हात घालू नये. जिवावर बेतलं आणि स्वतःला किंवा दुसऱ्याला वाचवताना साप मेला, तर कायदा त्याला गुन्हा मानत नाही. पण बांधावरून आपल्या वाटेनं निघालेल्या धामणीच्या मागं काठी घेऊन धावणं म्हणजे जीव वाचवणं नव्हे. उंदीर खाऊन ती आपलंच धान्य राखते.

कुणाला साप चावलाच, तर अंगठी, बांगड्या, पैंजण आधी उतरवा, चावलेला हातपाय हलू देऊ नका, आणि चिरा देणं, चोखणं, दोरीनं करकचून आवळणं यातलं काहीही न करता थेट सरकारी दवाखाना गाठा. साप मारून बरोबर न्यायची गरज नसते. आपल्याकडची लस या चारही सापांच्या विषावर एकच असते आणि डॉक्टर लक्षणं बघून उपचार करतात. सापाच्या मागं लागून वेळही जातो आणि दुसऱ्यालाही दंश होतो.

आणि घरातच शिरला तर? पोरांना, गुरांना लांब करा, लांबूनच त्याच्यावर नजर ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ या नंबरावर फोन करा. तिथून ओळखपाळखीचा, नोंद असलेला सर्पमित्र येईल. पकडलेला साप गळ्यात घालून खेळ करणाऱ्याला मात्र उंबऱ्याच्या आत घेऊ नका. साप सोडायचा तोही जवळच्याच रानात, कारण लांब परक्या मुलखात त्याला ना बीळ ठाऊक असतं ना पाणी. हा १९२६ नंबर आजच दाराआड खडूनं लिहून ठेवा, आणि शेजारच्यांनाही सांगा.